करडईच्या तेलाचे तीन गुरुवार

गुरुवारी आमची गल्ली अर्धी रिकामी व्हायची. ज्यांना जमेल ते अक्कलकोटला मठात जायचे, उरलेले घरीच उपास धरायचे. आमच्याकडे मात्र गुरुवार हा फटफटीच्या आंघोळीचा वार होता. शुक्रवारी टॉकीजला नवा सिनेमा लागायचा आणि नव्या सिनेमाची पहिली रिळं धुतलेल्या गाडीवरूनच गेली पाहिजेत, असा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नेम होता. आई म्हणायची, "देवाला जायला यांना वार सापडत नाही, आणि त्या लोखंडाला दर आठवड्याला न्हाऊ घालतात."

अण्णांचं काम आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. माझ्या नातीला तर मी थापा मारते असंच वाटलं, आणि माझी एकूण ख्याती बघता तिचं काही चुकलं नाही. त्या काळी एखाद्या सिनेमाची एकच प्रिंट गावात यायची आणि मालक ती दोन टॉकीजना लावायचा. चौकातल्या टॉकीजला खेळ तीनला सुरू, स्टेशनकडच्या टॉकीजला पावणेचारला. चौकात दोन-तीन रिळं दाखवून झाली की ती पत्र्याच्या पेटीत घालून अण्णा फटफटीवरून स्टेशनकडं न्यायचे आणि तिथली झालेली परत आणायचे. दिवसाला तीन खेळ. म्हणजे नायक चौकात म्हातारा होत असायचा तेव्हा स्टेशनकडं तो अजून शाळेत असायचा, आणि मधल्या रस्त्यावर त्याचं सगळं तारुण्य माझ्या बापाच्या पाठीमागं पेटीत बांधलेलं असायचं. रीळ वेळेवर पोचलं नाही तर पडदा पांढरा पडतो. मग अंधारात बसलेली हजारभर माणसं शिट्ट्या घालतात, खुर्च्या आपटतात आणि मॅनेजर दारात येऊन रस्त्याकडं बघत उभा राहतो. कुणी पाहुणा आला, कुणी सहज नाव विचारलं, तरी अण्णा नावाच्या आधी हे सांगायचे : "आपल्यापायी पडदा पांढरा पडला न्हाई. एकदा बी."

आमची गल्ली दोन टॉकीजच्या बरोबर मधे होती. गल्लीच्या तोंडाशी आले की अण्णा हॉर्न दोनदा वाजवायचे आणि न थांबता पुढं जायचे. तो हॉर्न आईसाठी असायचा. चुलीपुढं बसलेल्या आईचा भाकरी थापणारा हात तेवढ्यापुरता थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला वाटायचं तिचं लक्षही नसतं. एकदा हॉर्न यायला उशीर झाला आणि तव्यावरची भाकरी काळी झाली, तेव्हा कळलं की ती दिवसभर मोजत असते.

तर गुरुवार. पाणी नळाला एक दिवसाआड यायचं, त्यामुळे फटफटीच्या वाट्याला कपडे खळबळून उरलेलं पाणी यायचं. त्यात निळीचा अंश असायचा आणि अण्णा म्हणायचे त्यानं चाकाच्या तारा चमकतात. दोन बादल्यांत गाडी धुऊन व्हायची. धुण्याचं काम मी बाराव्या वर्षापासून करत होते, पण खरी विद्या पुढं होती, आणि ती समोरच्या पत्र्याच्या गॅरेजात रसूलचाचांकडं होती. रसूलचाचा हे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. तोंडात सदा पान, आणि बोलणं अर्धं दखनी अर्धं मराठी. ते मला म्हणाले होते, "धोने का काम तो भैंस धोनेवाला बी करता बेटा. धोने के बाद क्या करता, वो देख."

धुतल्यावर करायच्या गोष्टी मला अजून पाठ आहेत. आधी गाडी उन्हात उभी करायची. हॉर्नच्या आणि दिव्याच्या बटणात गेलेलं पाणी तोंडानं फुंकून काढायचं, मग पाखराचं पीस रॉकेलमधे बुडवून बटणाच्या फटीतून फिरवायचं, आणि ते वाळलं की तेलाचा एकच थेंब. किल्लीच्या भोकात एक थेंब. क्लचच्या आणि ब्रेकच्या दांड्या जिथं फिरतात तिथं एकेक, किकला एक, स्टँडला एक. मग दोन्ही केबलींच्या तोंडाशी तेल सोडत दांडी हळूहळू हलवत राहायची, म्हणजे तेल तारेबरोबर आत उतरतं. शेवटी उजवी, वेगाची मूठ पूर्ण पिळायची आणि एकदम सोडायची. मूठ 'टक्' करून जागेवर परत आली पाहिजे. चाचा पाठमोरे असले तरी तो आवाज ऐकून सांगायचे, "हौ, जम्या." नुसतं "आई" ऐकून ज्यांना पोराचं दुखणं कळतं अशा बायका असतात ना, तसे त्यांचे कान होते.

पीस मात्र कोंबडीचं लागायचं. चाचांचं म्हणणं, ब्रशचे केस तुटून आत राहतात, चिंधीचे धागे अडकतात, पीस तेवढं नेमकं तेल उचलतं आणि नेमकं सोडतं. आता आमचं घर शुद्ध लिंगायत. मी पहिल्यांदा ते पीस हातात मिरवत घरात गेले तेव्हा आई चुलीपुढून उठलीच. ती माहेरची अक्कलकोटच्या पलीकडची, चिडली की कन्नडवर जायची. "शिव शिव! ब्याड, ब्याड, नको ते, बाहेर टाक आधी. उद्या अंडं आणशील घरात." मला चूळ भरायला लावली, जणू काही मी ते खाल्लं होतं. तेव्हापासून पीस आणि तेलाची झारी गॅरेजच्या दाराच्या फटीत राहू लागली, आणि मी तिथून घेऊन, काम करून, तिथंच ठेवू लागले.

इथवर मी गुणी मुलगी होते असं वाचणाऱ्याला वाटत असेल. चौदावं लागलं आणि ते संपलं. मला असं वाटायला लागलं की सबंध सोलापुरात फटफटीतलं कळणारी माणसं तीन : अण्णा, रसूलचाचा आणि मी, आणि त्यातले पहिले दोघं आता म्हातारे होत चाललेत. त्यांचं वय तेव्हा चाळिशीचं असेल. एका गुरुवारी गॅरेजात चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती आणि त्यांना माझी हुशारी दिसावी म्हणून मी झारी अशी काही दाबली, की हॉर्नच्या बटणातून तेल ओघळून टाकीवर आलं. चाचा मान वर करून म्हणाले, "क्या शकू, गाडी कू आमटी में डुबाई क्या?" सगळे हसले. एकजण तर खोकेपर्यंत हसला. मी झारी तिथंच ठेवली, दोन्ही वेण्या मागं टाकल्या आणि घरी आले. चौदा वर्षांच्या पोरीला माराचं काही वाटत नाही, पण हसलेलं ती सात जन्म विसरत नाही. मी ठरवलं की त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढायची नाही.

पण गुरुवार कुणाच्या रुसव्यासाठी थांबत नाही. पुढच्या गुरुवारी गाडी धुतली, आणि तेल आणि पीस दोन्ही समोर गॅरेजात. मी घरात नजर फिरवली. त्या वर्षी मामानं दुधनीहून घाण्यावरचं करडईचं ताजं तेल डबाभर पाठवलं होतं. सोनेरी, पातळ, वासाला गोड. मी वाटीभर घेतलं, देवाच्या डब्यातली एक लांब वात उचलली आणि एकही जागा न सोडता सगळ्या गाडीला लावलं. बटणं, किल्ली, क्लच, दोन्ही केबली. मूठ पिळून सोडली तर अशी 'टक्' करून आली की मला वाटलं, चाचांचं ते काळं तेल म्हणजे उगाच गिऱ्हाइकांना घाबरवायला ठेवलेलं सोंग आहे. अण्णा संध्याकाळी म्हणालेसुद्धा, "आज गाडी लई हलकी चाललीय गं." मी नुसतं हसले. विद्वान माणसं हसतात तसं.

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा करडई. आता मूठ परत यायची, पण 'टक्' नव्हतं, थोडी दमून आल्यासारखी यायची. मी म्हटलं, तेल कमी पडलं असेल, आणि आणखी ओतलं. तिसऱ्या गुरुवारी किल्ली फिरवायला जोर लागला. मी तिलाही पाजलं. उन्हाळा रणरणत होता, रस्त्यावरची धूळ नाकातोंडात जात होती, आणि ती कुठं कुठं जाऊन बसत असेल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. त्या डोक्यात जागा नव्हती, तिथं मी स्वतः बसले होते.

आणि यातली खरी गंमत पुढंच आहे. त्या सगळ्या दिवसांत रोज दुपारी माझ्याकडं एक काम असायचं : कढई घासणं. करडईच्या तेलात काही तळलं की कढईच्या काठाला पिवळा चिकटा बसतो. दोन दिवस तसाच राहिला तर त्याचं लाखेसारखं कवच होतं, राखेनं घासून घासून बोटं दुखतात. आमच्या आजोळी जुने लोक हेच तेल आटवून मोटेच्या चामड्याला लावत, वाळलं की पाणी आत शिरत नसे. हे मी शंभरदा ऐकलं होतं. कढई मी रोज घासत होते, शिव्या घालत होते, आणि गुरुवारी तेच तेल हौसेनं गाडीच्या केबलीत सोडत होते. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल हे मला तीन आठवडे सुचलं नाही. आता नात परीक्षेत नापास झाली की मी तिला रागावत नाही, त्याचं कारण हे आहे.

तिसऱ्या गुरुवारनंतरच्या रविवारी दुपारी तीनच्या खेळाला अण्णा तिसऱ्या खेपेची रिळं घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दोनदा वाजला, आईचा हात थांबला, सुरू झाला. सगळं रोजच्यासारखं. पुढच्या वळणावर समोरून कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी आली. अण्णांनी मूठ सोडली. मूठ होती तिथंच राहिली. क्लच ओढला तर तो अर्ध्यात अडकला, किल्लीला हात घातला तर किल्ली फिरेना. पायातला ब्रेक सोडून गाडीला धरून ठेवायचे जेवढे म्हणून मार्ग होते, ते सगळे मी तीन गुरुवारांत चिकटवून टाकले होते. नुसत्या ब्रेकवर फटफटी कितीशी आवरणार? अण्णांनी बैल चुकवले आणि गाडीसकट कडब्यात घुसले. कडबा होता म्हणून मी आज हे हसत लिहिते आहे.

पेटी उघडून रिळं रस्त्यावर पडली, एक तर उलगडत पार गटारीच्या काठापर्यंत गेलं. अण्णांचा उजवा पंजा पिरगळला होता. गाडीवानानं आणि त्यांनी मिळून ते रीळ दावं गुंडाळावं तसं गुंडाळलं, एक टांगा थांबवला आणि स्टेशनकडं पळवला. तोवर व्हायचं ते झालं होतं. पडदा दहा मिनिटं पांढरा होता. उरलेला खेळ त्यांनी टांग्यानंच पुरा केला.

हे सगळं आम्हाला साडेपाचच्या सुमारास कळलं, अण्णा गाडी ढकलत आले तेव्हा. मी दारातल्या दगडावर कढई घासत बसले होते. ते घराकडं आलेच नाहीत. गाडी सरळ गॅरेजपुढं उभी केली. एका हातानंच, दुसरा छातीशी धरलेला.

"रसूल," ते म्हणाले. आवाज अगदी खालचा होता. अण्णा ओरडले की आम्हाला बरं वाटायचं, खालचा आवाज वाईट. "केबल तू घातलीस. महिना झाला न्हाई."

चाचा उठून आले. मूठ पिळून पाहिली. ती परत आली नाही. "केबल मेरी नवी थी अण्णा. अच्छी थी."

"अच्छी थी तर मूठ का अडकली? पडदा पांढरा पडला माझ्यापायी. मॅनेजर काय म्हणाला ठाऊक आहे? आणखी एकदा असं झालं तर स्कूटरवाला दारात उभा आहे म्हणाला. धा वर्षं झाली या कामाला."

"मैं खोल के देखता, रुक तो जरा."

"बघू नको. हात लावू नको. उद्यापासून गाडी दुसरीकडं."

चाचांनी पान थुंकलं आणि लुंगीला हात पुसले, पुन्हा पुन्हा पुसत राहिले. ती दोन माणसं एका ताटात जेवलेली नव्हती, आमच्या घरात ते चालत नसे, पण त्यापलीकडं त्यांच्यात काही वेगळं राहिलं नव्हतं. आणि मी दगडावर बसून हातातल्या कढईकडं बघत होते. काठावरचा पिवळा चिकटा माझ्या अंगठ्याखाली होता. धूळ बसून तो काळपट झाला होता. मला जे तीन आठवडे सुचलं नव्हतं ते तेव्हा एका क्षणात सुचलं.

गप्प बसणं फार सोपं होतं. कुणी मला विचारलंही नव्हतं. कढई खाली ठेवून घरात गेले असते तर चाचा आयुष्यभर वाईट केबल घालणारे ठरले असते, आणि मी गुणी मुलगी. खरं सांगते, मी दोन पावलं घराकडं टाकलीसुद्धा. मग माघारी वळले, राखेनं भरलेल्या हातांनी कढई तशीच उचलली आणि रस्ता ओलांडून गॅरेजात गेले. महिन्याभरात पहिल्यांदा.

"अण्णा, हे बघा."

"जा घरात."

"हे बघा तरी. हेच आहे केबलीत. मी घातलंय. करडई."

अण्णांनी कढईकडं पाहिलं. डाव्या हाताच्या नखानं काठ खरवडला. मग चाचांनी खिळ्यानं केबलीचं टोक सोडवून पुढं केलं, त्यावर तेच नख फिरवलं. दोन्हीकडं तोच पिवळा, काळपट, ओढला तर तार निघावी असा चिकटा. मी मार खायच्या तयारीत डोळे मिटून घेतले होते.

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"तीन गुरुवार."

"इथलं तेल का घेतलं न्हाईस?"

चाचा हसले म्हणून, हे एवढ्या सगळ्यानंतर सांगायचं कसं? चाचांनीच माझ्याकडं निरखून पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, "वो आमटी की बात?" मी मान हलवली. "या अल्ला," चाचा म्हणाले, आणि खाली बसले.

अण्णांनी चाचांकडं पाहिलं. आमच्या घरातल्या पुरुषांना माफी मागता येत नसे, ते वेळ सांगायचे. "सहाच्या खेळाची पहिली रिळं साडेसहाला निघायची," ते म्हणाले. "तास आहे."

चाचांनी पाना-पक्कड माझ्यापुढं टाकली. "तूने चिपकाया, तू निकाल." मी दोन्ही केबली उपसल्या, रॉकेलच्या डब्यात बुडवल्या, तारा ओढून ओढून पुसल्या. बटणं उघडली, आत वातीचे कापसाचे धागे मेणासारखे बसले होते ते टाचणीनं काढले. किल्लीच्या भोकात रॉकेल सोडून किल्ली शंभरदा फिरवली. राख, रॉकेल आणि चिकटा मिळून हातांचा असा लेप झाला की पुढं चार दिवस मला कुणी भाकरीच्या पिठाला हात लावू दिला नाही. आई मधेच गॅरेजच्या दारात आली. अण्णांच्या पंजाला आंबेहळद बांधायला ती वाटी घेऊन आली होती. तेव्हा माझ्या हातात कोंबडीचं पीस होतं, पांढरंशुभ्र, तेलानं टोकाला काळं झालेलं. मला वाटलं आता शिव शिव. तिनं अण्णांच्या पंजाकडं पाहिलं, पिसाकडं पाहिलं, आणि म्हणाली, "नीट धर ते. चुळबूळ करू नको."

सगळं जोडून झालं. मी मूठ पिळली आणि सोडली. टक्. चाचा पाठमोरे होते. ते "हौ" म्हणाले नाहीत. मी पुन्हा पिळली. टक्. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, फटफटीवर बसले आणि किक मारली. अण्णांचा हात चालवण्यासारखा नव्हता. ते पेटी मांडीवर घेऊन चाचांच्या मागं बसले. दोघांची तोंडं दोन दिशांना. गाडी चौकाकडं गेली.

आई चुलीपुढं बसली. मी उंबऱ्यावर. मला आत यायची परवानगी नव्हती, रॉकेलचा वास येत होता. घरात शेंगाच्या चटणीचा खल वाजत नव्हता, शेजारचा मागही रविवारमुळं बंद होता, एवढी शांतता त्या गल्लीत मी कधी ऐकली नाही. भाकरीचा थाप् थाप् तेवढा. साडेसहा झाले असतील, नसतील. चौकाकडून ती ओळखीची फटफट यायला लागली, मोठी होत गेली, गल्लीच्या तोंडाशी आली.

हॉर्न वाजला. एकदा. आणि मग, पुढं जाता जाता, दुसऱ्यांदा.

आईचा हात थांबला, सुरू झाला. मी मात्र उठून उभी राहिले. रसूलचाचांना गल्लीपाशी हॉर्न वाजवायची सवय नव्हती, त्यांना कशाला असेल? म्हणजे मागून कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे दोघं बोलत होते. मग मला जे रडू फुटलं ते आईनं सहाव्या भाकरीपर्यंत चालू दिलं आणि मग म्हणाली, "पुरे आता. हात धू."

पडदा त्यानंतर कधी पांढरा पडला नाही. अण्णा मात्र पाहुण्यांना आता "एकदा बी" म्हणेनात, "एकदाच" म्हणायचे, आणि कशामुळं विचारलं तर "कडबा" म्हणून पुढच्या गोष्टीकडं वळायचे. तो सिनेमा मी पुढं आईबरोबर पाहिला. रस्त्यावर घासलेल्या त्या रिळात एक गाणं होतं, आणि अख्ख्या गाण्यात नायिकेच्या नाकावरून एक पांढरी रेघ पळत होती. सबंध टॉकीज चरफडत होतं. मी खाली बघून बसले होते, कारण ती रेघ माझी होती.

परवा नातीनं तिची स्कूटर धुवायच्या दुकानातून फवाऱ्यानं धुऊन आणली आणि म्हणाली, "आजी, हॉर्न वाजेना." मी म्हटलं, बटण उघड, फुंकर घाल, वाळव, मग तेल, एक थेंब. तिनं फुस्स करून तेल उडवणारा एक डबा आणला आणि सगळ्या बटणाला न्हाऊ घातलं. मला 'आमटी' म्हणायची फार सुरसुरी आली होती. मी जीभ चावली.

त्या रविवारनंतर पीस आणि झारी आमच्या घरात राहायला आली, पोरीला पुन्हा वाटीभर करडई सुचू नये म्हणून. आईनंच जागा दिली, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, देवापासून चार हात लांब. दरवर्षी चाचा नवं पीस द्यायचे आणि ती ते पदरानं धरून आत न्यायची. घरी कुणी सोवळी मावशी आली आणि "हे काय गं?" म्हणाली, की आई शांतपणे सांगायची, "कबुतराचं आहे." एवढ्या लांब पिसाचं कबुतर सोलापुरात कुणी पाहिलेलं नव्हतं, पण आईला उलट विचारायची कुणाची छाती झाली नाही.